समुद्राखालचं तेल, त्यावरचा वायू आणि जेलचं बूच



परिसर अभ्यासात इंधनाचा विषय आला की आपण फळ्यावर लिहितो: दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू. मुलं ते वहीत उतरवून घेतात, चाचणीत लिहितात आणि पुढच्या पाठाला लागतात. मीरा-भाईंदरच्या मुलांसाठी तरी हा विषय एवढ्यावर सोडू नये असं मला वाटतं. उत्तनच्या किनाऱ्यावर उभं राहून मावळत्या सूर्याकडे बोट दाखवलं, तर ते बोट जवळपास थेट ‘मुंबई हाय’कडे जातं. अंतर दीडशे-एकशे साठ किलोमीटर. लांबच्या फेरीला जाणाऱ्या नाखवांना रात्री समुद्रात पेटलेल्या ज्योती दिसतात. त्या कशाच्या, हे कोळीवाड्यातलं पोर आपल्यालाच सांगतं.

थोडा इतिहास सांगते. वर्गात तो गोष्टीसारखा सांगता येतो. १९६० च्या दशकात एका सोव्हिएत जहाजाच्या मदतीने खंभातच्या आखातात आणि आसपासच्या समुद्रात सर्वेक्षण झालं. मग जपानमध्ये बांधलेलं ‘सागर सम्राट’ आलं. पाय समुद्रतळाला टेकवून उभं राहणारं आणि खाली भोक पाडणारं जहाज, असं मुलांना सांगा, कल्पना पटकन येते. फेब्रुवारी १९७४ मध्ये इथे तेल सापडलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेल समुद्राखालच्या नळांतून उरणला येतं. तिथे आलेल्या वायूतला काही आपल्या स्वयंपाकघरात पाइपने पोहोचतो, काही अलिबागजवळ थळच्या कारखान्यात जातो आणि त्याचा युरिया होतो. म्हणजे आपल्या शेगडीची निळी ज्योत आणि शेतातलं खत यांचं मूळ एकाच समुद्रात सापडतं. ही साखळी फळ्यावर काढून बघा. मुलं नकाशा सोडत नाहीत.

इथपर्यंत बहुतेक पुस्तकांत असतं. मला ज्याबद्दल लिहायचंय तो भाग पुढचा आहे. तो माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीच्या प्रश्नातून निघाला. तिचे वडील अशाच एका प्लॅटफॉर्मवर काम करतात. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. ते घरी बोलताना म्हणाले होते, “आमच्या एका विहिरीतून गॅसच जास्त यायला लागलाय, तो अडवायचं काम चाललंय.” ती वर्गात म्हणाली, “बाई, गॅस पण कामाचाच असतो ना? आपण त्याच्यावर जेवण करतो. मग अडवायचा कशाला?”

प्रश्न इतका सरळ आहे की उत्तर देण्याआधी आपल्यालाच बसून विचार करावा लागतो.

तळं नव्हे, खडक

पहिली अडचण चित्राची. ‘तेलाचा साठा’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर जमिनीखालचं तळं येतं. मोठ्यांच्याही येतं. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतं, पाण्यात भिजवलेल्या विटेत पाणी असतं तसं. मुंबई हायमधला मुख्य खडक चुनखडीचा आहे. समुद्रातल्या जिवांच्या कवचांचा चुना साचून, दबून तो झाला. आपल्याकडच्या मुलांना शिंपल्यांचा चुना माहीत असतो, त्यामुळे हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. हा खडक समुद्रतळाच्याही एक किलोमीटरहून अधिक खाली आहे. त्याचे थर आहेत, मध्ये शेलचे म्हणजे दबलेल्या चिखलाच्या खडकाचे पातळ पापुद्रे आहेत. चुनखडीच्या खडकात काही ठिकाणी छिद्रं बारीक असतात, काही ठिकाणी मोठी, आणि काही ठिकाणी भेगाही असतात.

या छिद्रांत तीन गोष्टी वजनाप्रमाणे रचून बसतात. तळाशी खारं पाणी, त्यावर तेल, आणि जिथे असेल तिथे सगळ्यात वर वायू. वरच्या या वायूला तेलवाले ‘गॅस कॅप’ म्हणतात. आपण वायूची टोपी म्हणू. मुंबई हायच्या मुख्य साठ्यावर अशी टोपी आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. सोड्याची बाटली उघडा. फस्सकन वायू बाहेर येतो आणि सोबत पाणी वर उसळतं. बाटली अर्धा तास उघडी ठेवून मग हलवली, तर काहीच उसळत नाही. जमिनीखालचा वायू तेच काम करतो. टोपीतला वायू प्रचंड दाबाखाली असतो. तेल थोडं निघालं की तो पसरतो आणि उरलेल्या तेलाला विहिरीकडे ढकलतो. हा वायूच आधी काढून टाकला, तर ढकलणारं कोणी उरत नाही आणि तेल खडकातच अडकून बसतं. जगभराची सरासरी बघितली तरी साठ्यातलं साधारण एक तृतीयांश तेलच वर येतं. उरलेल्याला चिकटून राहायला खडक पुरेसा असतो. म्हणून वायू नंतर घ्यायचा. तो कामाचा आहेच, पण त्याची आत्ताची नेमणूक खाली आहे.

दुसरं कारण प्लॅटफॉर्मवरचं. वर आलेला वायू दाबून नळात घालायला कंप्रेसर लागतात, आणि त्यांची ताकद ठरलेली असते. एकच विहीर भरमसाट वायू सोडायला लागली, तर एकतर ती विहीर बंद करायची, नाहीतर जादा वायू जाळायचा. मुंबई हायच्या सुरुवातीच्या काळात, पुरेसे नळ आणि कारखाने नव्हते तेव्हा, असा बराच वायू जाळावा लागला. त्या ज्योती म्हणजे जळणारं इंधन आणि धूर.

वायू खाली येतो कसा?

वायू तर वर बसलेला, विहिरीचं तोंड तेलाच्या थरात. मग तो खाली कसा उतरतो? इथे उसाचा रस मदतीला येतो. ग्लासात रस थोडा उरला आणि आपण स्ट्रॉ जोरात ओढली, की रस संपायच्या आधीच ‘सुर्र’ आवाज येतो. वरची हवा रसाला खड्डा पाडून स्ट्रॉच्या तोंडाशी येते. हळू ओढलं तर रस जास्त वेळ येतो. मुलांना हे दोन्ही प्रकार करायला सांगा. त्यासाठी रसच हवा असं नाही, पाण्यावर भागतं, पण रस आणला तर हजेरी चांगली असते.

विहिरीशीही हेच होतं. तेल ओढलं जातं तिथे दाब कमी होतो आणि वरचा वायू उलट्या शंकूसारखा खाली खेचला जातो. एकदा का तो विहिरीच्या तोंडाशी पोहोचला, की तेलाचं काही चालत नाही, कारण वायू फारच पातळ. खालच्या दाबातही तो तेलापेक्षा कितीतरी पट, अनेकदा पन्नास पट किंवा जास्तच, सहज वाहतो. लोकल ट्रेनमध्ये दाराशी उभा असलेला सडपातळ मुलगा आधी उतरतो आणि मोठी बॅग घेतलेला माणूस आतच राहतो, तसं.

शंकू हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार भेगेचा. वायूच्या टोपीपासून विहिरीपर्यंत एखादी भेग किंवा मोठ्या छिद्रांचा थर असेल, तर वायूला आयता रस्ता मिळतो. हे दोन प्रकार वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ यावर अवलंबून आहे.

हात धरलेली मुलं

रस्ता बुजवायचा तर त्यात काय भरायचं? सिमेंट भरतात, आणि नळाभोवतीच्या मोठ्या पोकळीसाठी ते उत्तम. पण सिमेंट कणांचं असतं, खडकाच्या बारीक फटीत ते आत शिरत नाही, तोंडाशीच अडकतं. हवं असतं असं काही, की जाताना पाण्यासारखं वाहील, भेगेत लांबवर शिरेल आणि मग तिथेच घट्ट होईल.

अशी वस्तू आपल्या घरात होते. खरवस! चीक पातेल्यात ओतताना दुधासारखा असतो. वाफ दिली की थिजतो, त्याच्या वड्या पडतात. चिकातली प्रथिनांची लांब रेणूसाखळी उष्णतेने उलगडते, एकमेकींत गुंतते आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. तेलविहिरीतलं जेलही असंच: ओतताना पातळ, खालच्या उष्णतेत काही तासांनी किंवा दिवसांनी घट्ट. चायना ग्रास याच्या उलट वागतं, गरम असताना पातळ आणि थंड झाल्यावर घट्ट. वर्गात दोन्हींची तुलना करा, फरक मुलांच्या जिभेवरच राहतो.

विहिरीसाठी बहुधा पॉलिअ‍ॅक्रिलमाइड नावाचं पॉलिमर घेतात. पॉलिमर म्हणजे एकच कडी हजारो वेळा जोडून झालेली लांब साखळी. बाळांच्या डायपरमधले पाणी शोषणारे दाणे याच्याच नात्यातले. नुसती साखळी पाण्यात घातली तर पाणी दाट होतं, एवढंच. ते बूच होत नाही. त्यासाठी साखळ्यांना एकमेकींशी बांधणारा लागतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत जी पद्धत रुळली तिच्यात हे काम त्रिसंयुजी क्रोमियमचा क्षार करतो. चामडं कमावताना क्रोमियमचे क्षार हेच करतात: कातडीतल्या धाग्यांना गाठी मारतात. खडक फार गरम असेल तर या गाठी आणि साखळ्याही बिघडतात, तिथे वेगळे, सेंद्रिय बांधणारे वापरतात.

हे मैदानावर खेळायला फार मजा येते. दहा-दहा मुलांच्या चार रांगा करा, प्रत्येक रांगेने हात धरायचे. या चार साखळ्या. आता दोन मुलांना ‘पळपुटा वायू’ करा आणि रांगांमधून पळायला सांगा. सहज पळतात. मग सहा मॉनिटर सोडा. प्रत्येकाने एका हाताने एका रांगेतल्या कुणाचा तरी खांदा धरायचा, दुसऱ्या हाताने शेजारच्या रांगेतल्याचा. झालं जाळं. आता पळपुटे अडकतात. मॉनिटर एकेक मिनिटाने सोडले तर ‘जेल उशिरा का घट्ट होतं’ तेही दिसतं. त्या उशिराला फार महत्त्व आहे. आधीच घट्ट झालं तर विहिरीच्या नळातच बूच बसेल.

हातात धरून बघायचं असेल, तर पांढरा फेव्हिकॉल पाण्यात सारखा मिसळा आणि त्यात टाकणखाराचं पाणी थोडं थोडं घाला. चमच्याभोवती गोळा होतो, मुलं त्याला ‘स्लाइम’ म्हणतात. टाकणखार इथे मॉनिटरचं काम करतो. तो पोटात जाऊ नये, म्हणून मिसळण्याचं काम आपण स्वतः करायचं आणि नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे.

नळीचा प्रयोग

हा माझा आवडता प्रयोग. खर्च फार नाही. हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप आणि तिच्यात बसेल अशी एक टी घ्या. पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे टीच्या दोन तोंडांना लावा, तिसऱ्या तोंडाला फुंकायचा लांब तुकडा. एका तुकड्यात हरभऱ्याएवढे खडे भरा, दुसऱ्यात चाळलेली कोरडी वाळू. टोकांना फडकं बांधा आणि दोन्ही टोकं पाण्याच्या दोन ग्लासांत बोटभर बुडवा.

आता एकाने फुंकायचं. फुंकायचं, ओढायचं नाही, हे तीनदा सांगा. बुडबुडे खड्यांच्या ग्लासातच येतात. वाळूचा ग्लास गप्प. इथे थांबून विचारा, “वाळूच्या नळीत तेल असतं, तर ते कधी बाहेर आलं असतं?”

मग खड्यांचा तुकडा काढून त्याचं खालचं तोंड मातीच्या गोळ्याने बंद करा आणि वरून चायना ग्रासचं दाट, कोमट पाणी ओता. तासाभरात खड्यांमध्ये ते थिजतं. पुन्हा जोडा, मातीचा गोळा काढा, बेताने फुंका. आता बुडबुडे वाळूच्या बाजूने येतात! त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो.

इथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका. दुसऱ्या खेपेला चायना ग्रासऐवजी भिजवलेला सब्जा भरा आणि जोरात फुंकायला सांगा. सब्ज्यातून हवा वाट काढते, आणि एकदा वाट पडली की सगळी हवा तिथूनच जाते. प्रत्यक्षात नेमकी हीच अडचण येते.

पाणी अडवणं सोपं, वायू अडवणं अवघड

जेल म्हणजे मुख्यतः पाणीच. लांब साखळीच्या पॉलिमरच्या जेलात शंभर भागांत एक भाग पॉलिमर किंवा त्याहूनही कमी असतं. असं जेल खारं पाणी बऱ्यापैकी रोखतं. वायूच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. दाबाखालचा वायू जेलमधलं पाणी पिळून काढतो, मऊ जेलात भोक पाडतो आणि सटकतो. म्हणून वायूसाठी जेल जास्त कडक करावं लागतं. आखूड साखळीचं पॉलिमर घेऊन त्याचं प्रमाण शंभरात तीन ते पाच भागांपर्यंत वाढवतात. काही ठिकाणी जेलचा फेस करून भरतात, म्हणजे तो वर, वायूच्या बाजूला चढतो.

आणि मघाचा भेद आठवतोय ना, शंकू आणि भेग? भेग असेल तर जेल छान चालतं, कारण बुजवायची जागा एकच असते. तसंच, वायूचा थर आणि तेलाचा थर यांच्यामध्ये शेलचा पापुद्रा असेल तरीही चालतं, वरचा थर बुजवला की खालचा मोकळा राहतो. पण वायू चहूबाजूंच्या खडकातून शंकू करून येत असेल, तर जेल घालून फारसं साधत नाही. वायू जेलला वळसा घालून दुसरीकडून येतो. तिथे उपाय उसाच्या रसाचाच: हळू ओढा, किंवा विहिरीचं तोंड वायूपासून लांब ठेवा. आडव्या विहिरी खणतात त्यामागचं एक कारण हेच. लांबलचक आडवी विहीर तेवढंच तेल हळूहळू, पसरून ओढते.

म्हणून काम करणाऱ्यांना आधी शोधावं लागतं की वायू नेमका कुठून येतोय. विहिरीत यंत्र सोडून तापमान मोजतात. दाबातून सुटून पसरणारा वायू थंड होतो, त्यामुळे वायू आत शिरतो ती जागा सहसा थंड लागते. सिलिंडर भराभर वापरला की बाहेरून गार लागतो, ते मुलांनी बघितलेलं असतं. मग गुंडाळीवरची लांब लवचिक नळी खाली सोडून नेमक्या जागी द्रव भरतात. तेलाची तोंडं आधी झाकून घेतात, कारण जेलला तेलाची वाट आणि वायूची वाट यांतला फरक आपणहून कळत नाही. मग विहीर काही काळ बंद, जेल घट्ट होईपर्यंत. मग उघडायची आणि बघायचं. चुकून तेलाचीच वाट बुजली, तर ती विहीर गेल्यातच जमा. तो धोका प्रत्येक वेळी असतो.

अलास्कातल्या प्रूडो बे या मोठ्या तेलक्षेत्रावरही वायूची मोठी टोपी आहे. तिथल्या अभियंत्यांनी १९९४ मध्ये आपला अनुभव मांडला: तापमानाचा आधी हिशोब करायचा, त्यावरून जेल कधी घट्ट होईल ते ठरवायचं आणि निवडक जागीच ते भरायचं. असं करून त्यांना वायू रोखता आला. आपल्याकडे ओएनजीसीची तेल आणि वायू उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था पनवेलला आहे. विहिरीतून नको ते बाहेर येऊ नये, हे तिच्या अभ्यासाच्या कक्षेतलं काम. राजस्थानातल्या मंगला क्षेत्रात तर पॉलिमरचं दाट पाणी मोठ्या प्रमाणावर खाली सोडून तेल ढकलतात. तिथे पॉलिमर आहे, पण गाठी मारलेल्या नाहीत, म्हणून ते बूच नव्हे. मुलांना विचारायला हा चांगला प्रश्न आहे: मैदानावरच्या खेळात मॉनिटर काढून टाकले तर काय झालं होतं?

पालक विचारतील ते

आमच्या पालकसभेत दोन प्रश्न आले. तुमच्याकडेही येतील.

एक: हे रसायन समुद्रात, मासळीत येतं का? जेल घट्ट होतं ते समुद्रतळाच्या खाली किलोमीटरभराहून खोल खडकात, ते तिथेच राहतं. काळजी घ्यायची ती वर, प्लॅटफॉर्मवर द्रव मिसळताना आणि विहिरीतून परत येणारं पाणी साफ करताना. कोळी बांधवांच्या तक्रारी बहुतेक वेगळ्या असतात: सर्वेक्षणाच्या जहाजांमुळे ऐन हंगामात जाळी काढावी लागतात, आणि प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरच्या आत होडी नेता येत नाही. त्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि उत्तन-गोराईच्या वर्गात हा पाठ घेताना त्यांना जागा द्यायला हवी. ज्यांच्या घरात जाळं आहे आणि ज्यांच्या घरात हेल्मेट आहे, ती दोन्ही मुलं आपल्या एकाच बाकावर असतात.

दोन: तेल जाळल्याने हवा तापते, मग राहू दे ना ते खालीच. हा प्रश्न टाळू नका. देश आपल्या गरजेच्या तेलापैकी शंभरात पंच्याऐंशीहून जास्त भाग बाहेरून आणतो, एवढी माहिती द्या आणि मुलांना वाद घालू द्या. माझं मत विचाराल, तर खणलेल्या विहिरीतून वायू जाळत बसण्यापेक्षा तो खाली ठेवणं केव्हाही बरं. नवीन विहिरी किती खणाव्यात, यावर मात्र माझ्याच घरात एकमत नाही.

वर्गात एखाद्याचे आईवडील समुद्रावर कामाला असतील, तर एक गोष्ट सांभाळा. जुलै २००५ मधली मुंबई हायची आग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात बुडालेला पी-३०५ हा तराफा मोठ्या मुलांना यूट्यूबवर सहज सापडतो. त्या मुलीने मला विचारलं होतं, “वायू अडवला नाही तर आग लागते का?” मी सांगितलं की हे काम सुरक्षेसाठीच्या झडपांपेक्षा वेगळं आहे. विहिरीवर झडपा असतात, खाली नळातही असतात, त्या बंद होतात. जेल घालतात ते तेल जास्त मिळावं म्हणून. तिने ते वडिलांना फोनवर विचारून पडताळून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, “बाई, बरोबर आहे तुमचं.”

प्रयोगाचं सामान आदल्या दिवशी जमवा, आणि चायना ग्रास घरूनच उकळून थर्मासमध्ये न्या. शाळेत उकळेपर्यंत मधली सुट्टी होते.